बाबांच्या तोंडाच्या कॅन्सरवर 'व्हायरसची लस', अडीच लाख मागतात. खरं काय आहे?

काळीमाती_दारव्हा

नमस्कार मंडळी. इथे पहिल्यांदाच लिहितो आहे, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव दारव्हा तालुक्यात, यवतमाळ जिल्हा. पाच एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. बाबा ५४ वर्षांचे. पंचवीस वर्षं खर्रा खाल्ला. पानठेल्यावर पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना टाकून घासून देतात तो. दिवसाला तीन-चार पुड्या, वखरणीच्या दिवसांत जास्तच. मागच्या चैत्रात डाव्या गालाच्या आतून पांढरा चट्टा दिसला. भाजी तिखट लागते म्हणून ते भात-वरणावर आले, तरी कोणाच्या लक्षात आलं नाही. जवळच्या एका दवाखान्यात दोन महिने मलमच लावत राहिलो. नागपूरला नेलं तेव्हा तोंड दोन बोटंही उघडत नव्हतं.

श्रावणात ऑपरेशन झालं. गाल, जबड्याच्या हाडाचा तुकडा आणि मानेतल्या गाठी काढल्या, छातीचं मांस आणून गालाला लावलं. दोन गाठींत आजार निघाला. मग रेडिएशनचे ३० शेक, ते दिवाळीच्या आदल्या आठवड्यात संपले. केशरी कार्डावर जनआरोग्य योजनेत बसलं म्हणून जमलं, नाहीतर शेत गेलं असतं.

आता खरा प्रश्न. तालुक्याच्या बाजारात एक माणूस भेटला. त्याचं म्हणणं, परदेशातून कॅन्सरची नवीन लस येते, 'व्हायरसवर बसवलेली'. तीन इंजेक्शनं, अडीच लाख रुपये, अर्धे आधी. घेतली की आजार परत येतच नाही म्हणतो. जावईबापूंनीही मोबाईलवर रशियाच्या लसीचं काही पाठवलं, त्यामुळे घरात सगळ्यांना हे खरं वाटायला लागलं आहे. आईने गळ्यातलं मोडायला काढलं. मी बैलजोडीचा भाव विचारून आलो, हे बाबांना माहीत नाही.

मी बी.ए. झालो आहे, विज्ञान दहावीपर्यंतच. मला एवढंच समजून घ्यायचं आहे: व्हायरसने तर आजार होतो, मग त्याच्यावर लस कशी बसवतात? ऑपरेशन झाल्यावर लस घेऊन काही उपयोग असतो का? आणि हा माणूस खरं बोलतो की नाही, हे मी कसं ओळखू?

कापूस वेचणी चालू आहे, उत्तर द्यायला रात्र होईल. पण प्रत्येक शब्द वाचीन.

---

लेअरवाला_अमरावती

भाऊ, मी डॉक्टर नाही. अमरावतीजवळ अंड्याच्या कोंबड्यांचा फार्म आहे आमचा, बावीस वर्षं झाली. पण व्हायरसची लस आणि कॅन्सर या दोन गोष्टी मी रोज एकत्र पाहतो, म्हणून लिहून राहिलो.

कोंबड्यांत मॅरेक्स नावाचा रोग आहे. व्हायरसमुळे होतो, आणि तो कॅन्सरच आहे. कोंबडी तीन-चार महिन्यांची झाली की एक पाय पुढे, एक मागे टाकून पडते. कापून पाहिली तर काळीज गाठींनी भरलेलं. पूर्वी या रोगाने फार्मच्या फार्म बसत. १९७० च्या सुमारास त्यावर लस आली, आणि ती आहे टर्की पक्ष्यातला एक जिवंत व्हायरस. तो मॅरेक्सच्या व्हायरसचा चुलतभाऊ, पण कोंबडीला त्याने काही होत नाही. हॅचरीत पिल्लू अंड्यातून निघालं की पहिल्याच दिवशी मानेच्या मागे टोचतात. लस येते ती लिक्विड नायट्रोजनच्या कॅनमध्ये, उणे १९६ अंशांत. कॅनमधून काचेची कुपी काढून कोमट पाण्यात धरायची, पटकन मिसळायची आणि तास-दीड तासात संपवायची. उशीर झाला तर त्यातल्या पेशी मरतात आणि लस पाण्यासारखी होते. आता तर त्याच टर्कीच्या व्हायरसवर गंबोरो किंवा राणीखेत या कोंबड्यांच्या दुसऱ्या रोगांच्या व्हायरसचा तुकडा जोडून देतात, एका टोचणीत दोन कामं. म्हणजे 'व्हायरसवर बसवलेली लस' ही गोष्ट खोटी नाही. आमच्या शेडमधली प्रत्येक कोंबडी ती घेऊनच येते.

पण भाऊ, एक लक्षात घ्या. ही लस पहिल्या दिवशी द्यायची असते, रोग यायच्या आधी. पाय ओढायला लागलेली कोंबडी लस टोचून उठत नाही. सुरुवातीला मीही एकदा करून पाहिलं, साठ पक्ष्यांना. एकही वाचला नाही. माणसाचं शास्त्र वेगळं असेल, जाणकार सांगतीलच. तोवर बैलजोडी विकू नका. पेरणीला पुन्हा तेवढ्यात मिळणार नाही.

---

आर्वीची_लेक

दादा, मी मूळची आर्वी तालुक्यातली. पाच वर्षं पुण्यात एका प्रयोगशाळेत हेच काम केलं: लसीसाठी वाहक व्हायरस वाढवायचे, शुद्ध करायचे, मोजायचे. माझे मोठेबाबा याच आजाराने गेले, खर्रा त्यांचाही होता. त्यामुळे थोडं लांब लिहिते, रात्री निवांत वाचा.

पहिला प्रश्न, व्हायरसवर लस कशी बसवतात. तुम्ही कोविशील्ड घेतली असेल, तर अशी लस तुमच्या दंडात आधीच गेली आहे. चिंपांझीला सर्दी आणणारा एक अ‍ॅडेनोव्हायरस घेतला, त्याला माणसात वाढण्यासाठी लागणारं जनुक काढून टाकलं आणि त्या जागी कोरोना व्हायरसच्या अंगावरच्या काट्याचं जनुक घातलं. व्हायरसचं काम एवढंच की तो सामान आपल्या पेशीत नेऊन उतरवायचं. आपल्याकडच्या बैलबंडीसारखं. बंडी शेतात जाते, खत उतरवते, तिला स्वतःला उगवायचं नसतं.

पण वाढूच न शकणारा व्हायरस आम्ही लसीसाठी वाढवायचा कसा? त्यासाठी १९७३ मध्ये नेदरलँड्समध्ये तयार झालेल्या मानवी पेशींचा एक वाण आहे. काढून टाकलेलं ते जनुक या पेशींमध्ये आधीपासून आहे, म्हणून व्हायरस फक्त त्यांच्यातच वाढतो, आपल्या शरीरात नाही. सकाळी फ्लास्क सूक्ष्मदर्शकाखाली धरला की या पेशी चपट्या, एकमेकींना बिलगून बसलेल्या दिसतात. व्हायरस सोडल्यावर दोन-तीन दिवसांत त्या गोल होतात, फुगतात आणि द्राक्षांच्या घोसासारख्या सुटून तरंगायला लागतात. मग त्या गोठवायच्या, वितळवायच्या, पुन्हा गोठवायच्या, असं तीनदा. पेशी फुटतात. तो रस सिझियम क्लोराइडच्या द्रावणावर हळूच सोडून प्रचंड वेगाने फिरवला की नळीच्या खालच्या भागात निळसर दुधाळ अशी एक बारीक रेघ उमटते. ती रेघ म्हणजे शुद्ध व्हायरस. ती सुईने बाजूने ओढून घ्यायची. पहिल्यांदा माझ्या हाताने ती रेघ आली, त्या दिवशी मी घरी फोन केला होता. हे सगळं यासाठी सांगते, की ही लस कापडी पिशवीतून बाजारात येणारी वस्तू नाही. ती ठरलेल्या थंडीतच ठेवावी लागते, प्रत्येक खेप तपासली जाते, प्रत्येक बाटलीची नोंद असते.

आता कॅन्सरकडे येऊ. बंडी चांगली आहे, पण तिच्यावर सामान काय ठेवायचं, हा सगळ्यात अवघड भाग. कोरोनाचा काटा शरीराला परका, म्हणून शरीर लगेच उठतं. कॅन्सरची पेशी मात्र आपलीच असते, बिघडलेली. अंगणातला कुत्रा घरच्या माणसावर भुंकत नाही, तसं आपली प्रतिकारशक्ती तिच्याकडे पाहते आणि सोडून देते. संशोधकांची कल्पना अशी, की कॅन्सरच्या पेशीवरचं एखादं चिन्ह व्हायरसवर लादून आत पाठवायचं. व्हायरस आला की शरीर सावध होतंच, आणि त्या सावधपणात ते चिन्हही लक्षात ठेवेल.

ही कल्पना सगळ्यात मोठ्या प्रमाणावर तपासली गेली ती प्रोस्टेटच्या, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या कॅन्सरमध्ये, प्रोस्टव्हॅक नावाच्या लसीने. पहिलं इंजेक्शन देवीच्या लसीतल्या व्हॅक्सिनिया व्हायरसचं, पुढची सगळी कोंबड्यांच्या देवीच्या व्हायरसची. दोन्हींवर पीएसए हे प्रोस्टेटचं चिन्ह आणि सोबत प्रतिकारपेशींना चेतवणारी तीन जनुकं. आधीची चाचणी सव्वाशे रुग्णांवर झाली, २०१० मध्ये निकाल छापून आला: लस घेतलेल्यांपैकी निम्मे २५.१ महिन्यांहून जास्त जगले, न घेतलेल्यांपैकी निम्मे १६.६ महिन्यांहून. साडेआठ महिन्यांचा फरक. हे वाचून कोणाला आशा वाटणार नाही? मग १२९७ रुग्णांची मोठी चाचणी झाली. त्यात लसवाले आणि नुसतं दिसायला सारखं इंजेक्शन घेतलेले, सगळ्याच गटांत आयुष्य ३३-३४ महिन्यांच्या आसपास. काही फरक नाही. २०१७ मध्ये चाचणी थांबवली.

दादा, या निकालावर मी खूप विचार केला आहे, कारण तुमच्या बाजारातल्या माणसासारखे लोक नेहमी पहिली चाचणीच सांगतात, दुसरी नाही. सव्वाशे माणसांत कुठल्या गटात कोण आलं यानेही आकडा हलतो. तेराशेंत तो लपत नाही. आणि पीएसए हे निरोगी प्रोस्टेटचंही चिन्ह आहे, म्हणजे अंगणातल्या कुत्र्याला घरच्याच माणसाचा फोटो दाखवल्यासारखं झालं.

म्हणून आता काम दुसऱ्या दिशेने चाललं आहे. गाठीत जे बिघाड झालेले असतात ते त्या एका माणसाचेच असतात, निरोगी पेशीत ते नसतात. तेच शोधायचे आणि तेच वाहकावर लादायचे. तुमच्या बाबांशी सगळ्यात जवळचं काम याच प्रकारचं आहे, म्हणून नाव सांगते: टीजी४०५०, फ्रान्समधल्या ट्रान्सजीन कंपनीचं. यातला वाहक एमव्हीए, म्हणजे देवीच्या लसीचाच व्हायरस, जो जर्मनीत कोंबडीच्या गर्भाच्या पेशींमध्ये ५७० हून जास्त वेळा एकातून दुसऱ्यात वाढवत नेला. तसं करताना त्याच्या जनुकांचा बराच भाग गळून पडला आणि माणसाच्या पेशीत वाढायची त्याची ताकद गेली. अमरावतीच्या काकांचे पक्षी इथेही कामाला आले! या वाहकावर रुग्णाच्या स्वतःच्या गाठीतले ३० पर्यंत बिघाड चढवतात. चाचणी डोकं-मान-तोंडाच्या अशा कॅन्सरवर, जो एचपीव्ही व्हायरसमुळे झालेला नाही. ऑपरेशन आणि शेक पूर्ण झालेले, आजार दिसत नसलेले ३२ रुग्ण. निम्म्यांना लस लगेच, निम्म्यांना आजार परतला तर. दोन वर्षांत लस घेतलेल्यांपैकी एकाचाही आजार परतला नाही, दुसऱ्या गटात तिघांचा परतला.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यात आहे. हो, ऑपरेशननंतर लस देण्यामागे खरा विचार आहे. मोठी गाठ स्वतःभोवती असं वातावरण करते की प्रतिकारपेशी आत शिरल्या तरी थंड पडतात. गाठ काढल्यावर राहिलेल्या थोड्या पेशींशी लढणं सोपं. पण ३२ रुग्ण आणि तिघांचा फरक! प्रोस्टव्हॅकची गोष्ट आत्ताच सांगितली. मला या कामाबद्दल मनापासून आशा आहे, आणि त्याच कारणाने ते अजून औषध झालेलं नाही हे ठामपणे सांगते.

मंजूर झालेली उदाहरणंही आहेत. अमेरिकेत २०१५ मध्ये ओठावर पाण्याचे फोड उठवणाऱ्या हर्पिस व्हायरसचं बदललेलं रूप मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरवर मंजूर झालं, ते थेट गाठीतच टोचतात. २०२२ मध्ये मूत्राशयाच्या कॅन्सरवर अ‍ॅडेनोव्हायरस मंजूर झाला, तो तीन महिन्यांतून एकदा मूत्राशयात सोडतात. चीनने २००३ मध्ये डोकं-मानेच्या कॅन्सरवर जनुक घातलेला अ‍ॅडेनोव्हायरस मंजूर केला, त्याला अमेरिका-युरोपात मंजुरी मिळालेली नाही. तोंडाच्या कॅन्सरवर, व्हायरस-वाहकाची, भारतात विकायला मंजूर असलेली एकही लस नाही. जावईबापूंनी पाठवलेली रशियाची घोषणा डिसेंबर २०२४ ची, ती एमआरएनए लसीची होती, तिच्यात वाहक व्हायरस नसतो, प्रकारच वेगळा.

आणि तिसरा प्रश्न. त्या माणसाला एकच विचारा: बाबांच्या गाठीचा तुकडा तुम्ही मागितला का? माणसागणिक बनणाऱ्या लसीला नागपूरच्या पॅथॉलॉजीत मेणात ठेवलेला तो तुकडा आणि बाबांचं रक्त लागतं, दोन्हींच्या जनुकांची तुलना करावी लागते, मग लस बनायला महिने जातात. बाबांचं नाव ऐकायच्या आधीच जी बाटली तयार आहे, ती बाबांच्या गाठीविरुद्ध बनवलेली असूच शकत नाही.

---

काळीमाती_दारव्हा

ताई, दोनदा वाचलं. आईला पण वाचून दाखवलं, कुत्र्याचं उदाहरण तिला लगेच पटलं. काका, तुमचंही.

आज बाजाराचा दिवस होता. त्या माणसाला गाठीच्या तुकड्याबद्दल विचारलं. म्हणे त्याची गरज नाही, ही लस सगळ्यांना चालते. मग म्हणे आत्ता एक लाख दिले तरी चालतील. परवा अडीच होते. मी म्हटलं कागद दाखवा, तर मोबाईलवर एका बाटलीचा फोटो दाखवला, चिठ्ठी इंग्रजीत, वाचायला मोठा करतो तर फोटो सरकवला. मी परत आलो.

दोन गोष्टी अजून विचारतो. बाबांच्या उजव्या दंडावर देवीच्या लसीच्या दोन गोल खुणा आहेत, नाण्याएवढ्या. तुम्ही देवीच्या लसीच्या व्हायरसवर बंडी बांधतात म्हणालात. मग बाबांच्या शरीराला ती बंडी आधीच माहीत नाही का? आणि खरी चाचणी असेल तर ती कशी शोधायची?

---

आर्वीची_लेक

दादा, खुणेचा प्रश्न तुम्ही विचारलात आणि मी खुर्चीतून उठले. या क्षेत्रातल्या मोठ्या अडचणींपैकी ही एक आहे.

हो, बाबांच्या शरीराला ती बंडी माहीत आहे. भारतात देवीचे शेवटचे रुग्ण १९७५ मध्ये सापडले. त्याआधी जन्मलेल्या बहुतेकांना टोचलेलं आहे, आणि ती आठवण शरीर अनेक दशकं ठेवतं. ओळखीचा वाहक दारात आला की प्रतिद्रव्यं (अँटीबॉडी) त्याला तिथेच अडवतात, सामान उतरायच्या आधी. शरीर आपलं काम चोख करतं, पण लसीचा परिणाम त्याने घटू शकतो. प्रोस्टव्हॅकमध्ये व्हॅक्सिनिया एकदाच वापरून पुढे कोंबड्यांचा व्हायरस घेतला तो याच कारणाने. कोंबड्यांची देवी माणसाला होत नाही, त्यामुळे तो वाहक आपल्या शरीराला अनोळखी, आणि तो आपल्यात वाढतही नाही. माणसांतल्या सर्दीच्या अ‍ॅडेनोव्हायरसचंही तसंच, बहुतेक प्रौढांना तो कधी ना कधी होऊन गेलेला. म्हणून कोविशील्डला चिंपांझीचा घेतला. आतड्याच्या आनुवंशिक कॅन्सरचा धोका असलेल्या लोकांसाठी नाऊस-२०९ नावाची लस चाचणीत आहे, तिच्यात पहिला वाहक गोरिलाचा आणि दुसरा एमव्हीए. दर वेळी बंडी बदलायची, सामान तेच ठेवायचं.

चाचणी शोधण्याबद्दल. भारतात माणसांवर होणारी प्रत्येक औषध-चाचणी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियामध्ये आधी नोंदवावी लागते, जून २००९ पासून सक्तीने. नोंदीचा क्रमांक 'सीटीआरआय', मग वर्ष, महिना आणि आकडे असा असतो. तो क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर टाकला की कोणत्या दवाखान्यात, कोणत्या डॉक्टरांकडे, किती रुग्णांवर, सगळं फुकट दिसतं. चाचणीतल्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. संमतीचा कागद आपल्या भाषेत मिळतो, तो घरी नेऊन वाचता येतो, मध्येच नाही म्हटलं तरी नेहमीचे उपचार बंद होत नाहीत. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई देण्याचा नियम २०१९ च्या नियमावलीत आहे. लाखाचे अडीच लाख आणि अडीचचे लाख होणारी गोष्ट यात कुठेच बसत नाही.

एक काम मात्र आजच करा. बाबांच्या पॅथॉलॉजीच्या रिपोर्टची झेरॉक्स काढून ठेवा, आणि पुढच्या भेटीत विचारा की मेणातला तुकडा किती वर्षं जपून ठेवतात. उद्या खरंच काही आलं, तर पहिल्यांदा तोच लागेल.

---

वॉर्डातली_सिस्टर

दादा, मी नागपुरात कॅन्सर वॉर्डात चौदा वर्षं काम करते. लसीचं ताईंनी सांगितलं, मला बाकीचं सांगू द्या, कारण तुमच्या लिहिण्यात बाबांच्या आजच्या तब्येतीबद्दल एक ओळही नाही.

तोंडाचा आजार परतायचा असेल तर बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत परततो. या काळात डॉक्टरांनी दिलेली तारीख चुकवायची नाही, कापूस कितीही फुटलेला असू द्या. गालात, हिरडीत नवीन जखम, मानेत गाठ, एका बाजूचा कान दुखणं, आवाज बदलणं, यातलं काही दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर तारखेची वाट न पाहता या. लवकर सापडलं तर पुन्हा करण्यासारखं असतं. शेक मानेलाही बसलेत, तर सहा महिने-वर्षाने थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या. बाबा सुस्त बसतात, थंडी सोसत नाही, असं दिसलं तर घरचे त्याला मन खचणं समजतात, आणि बरेचदा ते थायरॉइड असतं.

तोंड किती उघडतं? शेकानंतर जबड्याचे स्नायू आखडत जातात. आईस्क्रीमच्या लाकडी काड्या घ्या, स्वच्छ धुवून एकावर एक रचा, समोरच्या दातांत जेवढ्या मावतात तेवढ्या घालून थोडा वेळ धरायच्या. दिवसातून चार-पाच वेळा. आज नऊ मावल्या तर वहीत नऊ लिहा. आठवड्याने दहावी सरकवून पाहा, जोर न लावता.

आणि खरं सांगा, खर्रा पूर्ण सुटला का?

---

काळीमाती_दारव्हा

सिस्टर, खर्रा ऑपरेशनच्या आदल्या दिवसापासून बंद आहे. पण सुपारीचं खांड तोंडात ठेवतात, नुसतं. तंबाखू नाही म्हणून आम्ही काही म्हणत नव्हतो.

काड्या आज मोजल्या. अकरा. बाबांनी बारावी घालायचा हट्ट केला, नाही गेली. वहीत तारीख टाकून अकरा लिहिले आहेत, त्यांच्याच हाताने. बैलांचा भाव विचारून आलो होतो तेही सांगून टाकलं. काही बोलले नाहीत, उठून गोठ्यात गेले, बराच वेळ आले नाहीत.

आईचं गळ्यातलं परत पेटीत गेलं.

---

वॉर्डातली_सिस्टर

सुपारी बंद, आजच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्येच सांगितलं आहे की तंबाखू नसलेली नुसती सुपारीही कॅन्सर करते. तोंड आखडून जायचा जो आजार आपल्याकडे पोरांपोरांत दिसतो, त्याचं मूळ तीच आहे. बाबांचं तोंड ऑपरेशनच्या आधी दोन बोटं उघडत नव्हतं असं तुम्ही लिहिलंत, ते एका दिवसात झालेलं नसतं. तोंड रिकामं वाटतं म्हणत असतील तर बडीशेप किंवा थोडी ओवा-जिरं भाजून द्या, आणि कोरडं पडत असेल तर पाण्याची बाटली कायम जवळ.

घरात अजून कोण खातं?

---

काळीमाती_दारव्हा

धाकटे काका. ४६ वर्षांचे. दिवसाला पाच पुड्या. ऑपरेशनच्या वेळी पंधरा दिवस दवाखान्यात बाबांजवळ तेच होते, आणि बाहेर येऊन खर्रा खायचे. त्यांच्याही गालात पांढरट आहे असं काकू म्हणते. ते दाखवायला तयार नाहीत.

बाबांची पुढची तारीख येत्या गुरुवारी आहे. काकांना आज बाबांनीच सांगितलं, मोठ्याने नाही, नुसतं 'तूही चल' म्हणाले. ते हो म्हणाले. त्यांची तपासणी त्याच दिवशी होईल का? वेगळा कागद लागतो का, उपाशी यावं लागतं का?

---

वॉर्डातली_सिस्टर

होईल. तोंडाची तपासणी पाच मिनिटांची, बॅटरीचा उजेड आणि डॉक्टरांचं बोट. उपाशी यायची गरज नाही, रात्री एसटीत बसण्याआधी पोटभर जेवूनच निघा. आधार कार्ड आणि रेशन कार्ड दोघांचंही आणा, झेरॉक्स दोन-दोन. सकाळी नऊच्या आत केसपेपर काढा, नंतर रांग फार लांबते. काकांना सांगा, खिशातली पुडी घरीच ठेवून यायची. चट्टा असला तरी प्रत्येक चट्टा कॅन्सर नसतो, पण तो नक्की काय आहे ते तपासल्यावरच कळेल, लागलं तर तुकडा घेतील.

बाबांची काड्यांची वहीही घेऊन या. डॉक्टरांना दाखवा.